कोपराला हात

मास्तरीणबाईंच्या घरचं छत खाली आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, थोरल्याने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. या घरातली सगळी भांडणं याच टेबलावर झाली होती आणि बहुतेक इथेच मिटलीही होती. पण आज चहा गार होत चालला तरी कुणी कपाला हात लावत नव्हतं.

छत अख्खं आलं नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर गल्लीत जे बोललं जात होतं तेच खरं वाटायचं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून दोन्हींची मिळून एक ऐसपैस खोली करायची, एवढंच काम होतं. अशी कामं या घराण्याने कितीतरी केली होती. भिंत निम्मीअधिक उतरली आणि वरच्या मजल्याच्या तुळया कण्हल्यासारख्या वाजल्या. लंब्या, म्हणजे तोडफोडीच्या कामातला त्यांचा सगळ्यात जुना गडी, "पळा!" म्हणून ओरडला. बाकीचे पळाले, आणि तो स्वतः मात्र एक पाऊल मागे राहिला. त्याचा खांदा मोडला. थोरल्याच्या धाकट्या भावाने धावत जाऊन लोखंडी टेकू लावले म्हणून मजला तिथेच थांबला. मास्तरीणबाई शेजारी गेल्या होत्या. त्यांची पेपर वाचायची खुर्ची ढिगाऱ्याखाली पार सपाट झाली होती.

"हे बघा," थोरला उभ्यानेच बोलत होता. गिऱ्हाइकं सांभाळायचं खातं त्याच्याकडे होतं आणि रविवारीही त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. "मास्तरीणबाई एकच विचारणार, चूक कुणाची. इंजिनिअरही तेच विचारणार. आपलं उत्तर एक पाहिजे. इथे एक आणि तिथे दुसरं, असं नको."

"मग दे की उत्तर," धाकटा म्हणाला. तो दवाखान्यात लंब्याच्या उशाशी रात्र काढून सकाळीच आला होता. केसांत अजून चुना होता.

"उत्तर असं, की खुणेच्या बाहेर तोडफोड झाली."

"खुणेबाहेरची एक वीट मी हलवली नाही."

"म्हणजे बाबांची खूण चुकली, असं म्हणायचंय तुला?"

सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाकडे वळल्या. तिथे बाबा, म्हणजे मिस्त्री, बसले होते. एक थापी आणि एक घमेलं घेऊन त्यांनी हा धंदा सुरू केला होता. आज त्यांच्या नावाच्या गाड्या रस्त्यावर फिरत होत्या, नळ आणि फरश्या मांडलेलं काचेचं दालन होतं, जुन्या घरांची नवी घरं करून घ्यायला लोक नंबर लावत होते. पण गिऱ्हाइकांपासून गड्यांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि दुसरं काही म्हटलेलं त्यांनाही आवडत नसे. उजव्या हाताच्या बोटांची पेरं ते डाव्या हाताने चोळत होते. तिथली कातडी जाड झाली होती. आयुष्यभर भिंती ठोठावून आणखी काय होणार?

कारण या घराण्याची रीतच तशी होती. कुठल्याही घरात हातोडा पडायच्या आधी मिस्त्री भिंतीपुढे उभे राहायचे आणि पेरांनी ठोठावायचे. पोकळ वाजली तर ती बोलकी, म्हणजे नुसता आडोसा. तिच्यावर खडूने फुली, ती पाडायची. आवाज आतल्या आत विरला तर ती मुकी, म्हणजे वरचं ओझं पेलणारी. तिच्याभोवती गोल, तिला हात लावायचा नाही. फुली किंवा गोल जरा वाकडा आला तरी ते अंगठ्याने पुसून पुन्हा काढत. इंजिनिअरची सही नंतर यायची. तो दरवेळी येऊन मिस्त्रींच्याच खुणेला मान डोलवायचा, आणि म्हणून हळूहळू लहानसहान भिंतींसाठी त्याची वाट बघणं मागे पडलं होतं. काम उत्तम चालतं तेव्हाच माणूस असा सैलावतो.

"तसं नाही म्हणत मी," धाकटा शेवटी म्हणाला.

"मग?"

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल. सांग तसं."

धाकट्याची बायको, सगळ्यांची धाकटी, ओट्याला टेकून उभी होती. हाच माणूस फरशीच्या रंगावरून दुकानदाराशी तासभर हुज्जत घालायचा. पण बापाच्या शब्दाशी गाठ पडली की मान खाली घालायचा. आज त्याने दुसऱ्याची चूक पाणी प्यावं तशी पिऊन टाकली. तेही तिच्या डोळ्यांदेखत.

"आणि यापुढे काही दिवस साइटवर तू जायचं नाहीस," थोरला म्हणाला. आवाज मऊ केला होता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "गोदाम सांभाळ. साइटवर मी माणूस नेमतो."

गोदाम! धाकट्याला गोदामात बसवायचं, फरश्यांची खोकी मोजायला! ज्याला घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते कळायचं, त्याला. काही दिवस म्हणजे किती, हे धाकटीने विचारलं नाही. या घरात काही दिवसांसाठी केलेल्या गोष्टी कशा टिकतात, हे तिने पाहिलं होतं.

"थोरला म्हणतो ते बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि जरा घाईनेच म्हणाल्या. "बाळा, थोडे दिवस गप राहा. लोक विसरतात."

धाकटीने चमकून सासूबाईंकडे पाहिलं. धाकटा त्यांचा जीव की प्राण. त्याच्या ताटात पहिलं वाढल्याशिवाय त्यांचा हात दुसऱ्या ताटाकडे वळायचा नाही. त्याच लेकाला आज त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता बाजूला सारलं होतं. आणि एकदम धाकटीला कळलं. मिस्त्रींचा फोन अलीकडे नेहमी सासूबाईच उचलायच्या, 'ते कामात आहेत' म्हणायच्या. त्यांच्याशी बोलायचं असलं की आधी समोर जाऊन उभ्या राहायच्या. त्यांनाही ठाऊक होतं! नवऱ्याला झाकायला पांघरूण पुरत नव्हतं, म्हणून त्या लेकाला उघडा टाकत होत्या. धाकटीला त्यांचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ दयाही आली.

तिचं स्वतःचं तरी काय वेगळं होतं? लग्न होऊन आली तेव्हापासून ती मापं घ्यायला मिस्त्रींबरोबर जायची. टेप तिच्या हातात, खडू त्यांच्या हातात. ऐकून ऐकून तिचाही कान तयार झाला होता. मग एका घरात मिस्त्रींनी भिंत ठोठावली आणि ते नुसते उभे राहिले. पुन्हा ठोठावलं. पुन्हा. खडू हवेत तसाच. त्यांच्या मानेवर घाम होता, आणि गिऱ्हाईक मागे उभं होतं. धाकटीने काही विचार केला नाही, त्यांच्या कोपराला हळूच एकदा हात लावला. त्यांनी गोल काढला. पुढच्या बोलक्या भिंतीपाशी तिने दोनदा हात लावला आणि त्यांनी फुली मारली. तेव्हापासून तेच चाललं होतं. एकदा मुकी, दोनदा बोलकी. दोघांनी त्याबद्दल एक अक्षरही कधी उच्चारलं नव्हतं, इतकं की कधीकधी तिला वाटे, आपल्यालाच भास होतोय.

मास्तरीणबाईंच्या भिंतीला खूण केली तेव्हा ती माहेरी होती. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. परत आल्यावर फुली दिसली तेव्हा तिला वाटलं, बाबांनी इंजिनिअरला आधी बोलावलं असणार. तिने विचारलं नाही. ते तिच्या मनात कालपासून काट्यासारखं सलत होतं.

"धाकटीला विचारा की काही," थोरली जाऊ म्हणाली. तिची जीभ तशी तिखट, पण मनात काही नसायचं. वातावरण हलकं करायला जावं आणि भलतंच बोलून जावं, ही तिची खोड. "आमच्या स्वयंपाकघरातली मुकी भिंत. कितीही ठोका, आवाज नाही."

कुणी हसलं नाही.

"तिला काय विचारायचं?" थोरला वैतागला. "ती तिथे होती का? मी होतो. मी स्वतः बाबांना घेऊन गेलो. जुनी फरशी उखडलेली, पायाखाली सगळे तुकडे. पाय मुरगळला तर काय घ्या, म्हणून मी त्यांना हाताला धरून उभं केलं. असं." आणि दाखवायला त्याने शेजारी बसलेल्या बायकोचं कोपर धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

धाकटीच्या हातातला ट्रे ओट्यावर आपटला.

"दोनदा?" ती म्हणाली.

"काय दोनदा?"

"दादा, हात दोनदा धरलात? बाबा भिंत ठोठावत होते तेव्हा?"

"काय कोर्ट आहे का हे? एकदा त्यांचा तोल गेल्यासारखा वाटला, मग सोडला, मग परत धरला. बापाचा हात धरायला परवानगी लागते?"

धाकटीने मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांची नजर थोरल्याच्या हातावर खिळली होती. तो हात अजून बायकोच्या कोपरावर होता. त्यांचा चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा झाला. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, पण दिसलं होतं ते पुरेसं होतं.

आता बोललं तर या माणसाच्या हातातला खडू जातो. नाही बोललं तर नवरा गोदामात जातो, आणि खडू चालूच राहतो. पुढच्या घरात खुर्ची रिकामी नसेल. धाकटीने ट्रे बाजूला सारला.

"बाबांची खूण चुकली," ती म्हणाली.

"धाकटे, तोंड आवर," सासूबाई ताडकन म्हणाल्या.

"आवरलंच होतं, आई. तुम्हीही आवरलंत, मीही आवरलं. त्यात लंब्याचा खांदा गेला. मास्तरीणबाई त्या खुर्चीत असत्या तर आज आपण इथे चहा घेऊन बसलो असतो का?"

"ही बोलतेय कशाबद्दल?" थोरल्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

उत्तर त्याच्या बायकोने दिलं, आणि तिच्या आवाजात तिखटपणाचा मागमूस नव्हता. "बाबांना ऐकू येत नाही. दारावरची बेल वाजली तरी मान वळत नाही त्यांची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हीच बोलत नाही."

थोरला मटकन खाली बसला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो बापाशी बोलायचा ते समोर उभा राहून, मोठ्या आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. त्यामुळे त्याला कधी अडचणच आली नव्हती.

धाकटी टेबलाला वळसा घालून मिस्त्रींच्या समोर गेली आणि एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. कोपर, एकदा, दोनदा. घरातल्या कुणालाच माहीत नसलेली ती गोष्ट मोठ्याने सांगताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. तिचं झाल्यावर ते थोरल्याकडे वळले.

"तो हात नुसत्या आधाराचा होता?"

बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. इतके दिवस तो सगळ्यांना अधिकाराचा आवाज वाटला होता. थोरल्याने होकाराची मान हलवली.

"मला वाटलं," मिस्त्री धाकटीला म्हणाले, "तू माहेरी जाताना त्याला शिकवून गेलीस."

धाकटीला रडू फुटलं. तिने काही शिकवलं नव्हतं. जी गोष्ट त्या दोघांनीच एकमेकांना कधी सांगितली नव्हती, ती ती तिसऱ्याला काय शिकवणार! पण मिस्त्रींनी भिंतीपुढे उभं राहून तेवढा भरवसा ठेवला होता, की आपली सून आपल्याला असं वाऱ्यावर सोडून जाणार नाही.

"म्हणजे माझ्या हातानं..." थोरला पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. "एका शब्दानं सांगायचं होतं मला! मी काय परका आहे?"

"मलाही कुणी सांगितलं नाही, दादा," धाकटा म्हणाला. तो बायकोकडे बघत नव्हता. तेही तिला लागलं, आणि ते तिला मान्य होतं. "आणि मघाशी तू मला गोदामात पाठवत होतास."

थोरल्याने समोरचा गार कप उगाच पुढे सरकवला.

मिस्त्री उठले. "गाडी काढ," ते थोरल्याला म्हणाले.

"अहो, आज नको," सासूबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन म्हणाल्या. "उद्या जा. निवांत जा."

"तू पण चल. माझे फोन घेतेस ना? आज समोरासमोर घे."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि चपला शोधायला गेल्या.

सगळ्या घराला घेऊन त्यांची नावाची गाडी मास्तरीणबाईंच्या गल्लीत वळली तेव्हा दोन गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघू लागली. एरवी त्या गाडीवरचं नाव बघून थोरल्याची छाती फुगायची. आज त्याने गाडी चार घरं अलीकडेच लावली. मास्तरीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या घरात शिरायला तयार नव्हत्या, आणि कोण तयार होईल? काखेत कालचा पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला.

थोरला सवयीने पुढे झाला. "बाई, आम्हाला अत्यंत..."

मिस्त्रींनी त्याला हाताने बाजूला केलं.

"बाई, भिंत मुकी होती," ते म्हणाले. "बहिरा मी होतो. मुलांनी माझी खूण मानली, त्यांचा दोष एवढाच."

मास्तरीणबाईंनी काखेतला पेपर घट्ट धरला. "मी रोज तिथे बसते," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या एक पाऊल पुढे आल्या आणि वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी बोलावं तसं, तोंड नीट उघडून म्हणाल्या, "मी रोज तिथे बसते, मिस्त्री."

"हो, बाई."

"मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"पण घर असं अर्धं टाकून जाऊ नका. पुढचं काम कोण बघणार?"

मिस्त्री सावकाश आत गेले. धाकटा त्यांच्या पुढे होऊन पायाखालचे तुकडे बाजूला सारत होता, पण त्यांच्या हाताला मात्र त्याने स्पर्श केला नाही.

आत टेकूंची रांग उभी होती. वर मोडलेल्या छतातून तुळयांची टोकं दिसत होती. इंजिनिअर आधीच येऊन वहीत आकडे टिपत होता. नवी लोखंडी तुळई घालायची, तिचं एक टोक समोरच्या भिंतीवर टेकवायचं, असं त्याने सांगितलं. भिंत पेलेल की नाही ते तो प्लास्टर सोलून बघणारच होता. त्यात आता कुणी घाई करणार नव्हतं. "पण आधी तुमचं होऊ द्या," तो जुन्या सवयीने म्हणाला, आणि लगेच त्याला आपलं बोलणं कसंसंच वाटलं. फाटकाशी झालेलं बोलणं त्याच्याही कानावर आलं होतं.

मिस्त्री भिंतीपुढे उभे राहिले. खिशातून खडू काढला. उजव्या हाताची पेरं भिंतीपर्यंत नेली, आणि न ठोठावता खाली घेतली. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी धाकटीसाठी जागा केली.

सगळे बघत होते. दारात सासूबाई आणि जाऊ, त्यांच्या मागे मास्तरीणबाई. धाकटीने ठोठावलं. खाली, वर, मध्ये. आवाज आत जाऊन विरला. शंकेला जागा नव्हती. तिचा हात आपोआप मिस्त्रींच्या कोपराकडे गेला आणि एकदा टेकला.

मिस्त्रींनी कोपर काढून घेतलं.

"हातानं नको," ते म्हणाले. "तोंडानं बोल."

"मुकी," धाकटी म्हणाली.

"मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"मुकी आहे, बाबा!"

तिचा आवाज इतका मोठा असेल हे तिलाही माहीत नव्हतं. तो रिकाम्या खोलीत घुमला, आणि जाऊबाईंनी दचकून दाराची चौकट धरली. धाकट्याने बायकोकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा. मिस्त्रींनी खडू तिच्यापुढे धरला. तिने भिंतीवर गोल काढला. गोल चांगलाच वाकडा आला. मिस्त्रींचा अंगठा सवयीने वर उचलला गेला. ते क्षणभर त्या गोलाकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा मुठीत घेतला आणि गोल तसाच राहू दिला.

मग ते थोरल्याकडे वळले आणि त्याच्यापुढे हात पसरला. थोरल्याला कळेना. त्याला वाटलं, त्यांना आधार हवाय. त्याने घाईने त्यांचा हात हातात घेतला.

"किल्ली," मिस्त्री म्हणाले. "गोदाम कुणीतरी सांभाळायचं होतं ना?"

"बाबा, ते मी... तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मी बघत होतो तुझ्या तोंडाकडे. दे."

थोरल्याने किल्ल्यांचा जुडगा काढला. गोदामाची किल्ली त्यातून काही केल्या निघेना. नखं लावून, वाकून, मान खाली घालून तो ती सोडवत राहिला. मिस्त्री हात पसरून तसेच उभे राहिले.